जखमेसाठी सूत

इंदूरकरांना सुताची ओळख नव्याने करून द्यावयास नको. माळव्याचा कापूस आणि होळकरांच्या काळात उभ्या राहिलेल्या गिरण्या यांवर या शहराच्या कित्येक पिढ्या पोसल्या. १९९१ साली हुकुमचंद मिल बंद पडली आणि गिरण्यांचे युग सरत आल्याचे दिसून आले. सूत काढण्याची विद्या मात्र सरली नाही. तिची एक नवी शाखा प्रयोगशाळांतून वाढीस लागली आहे आणि तिचा रोख वस्त्राकडे नसून जखमेकडे आहे.

जखमेवर बांधावयाचे सुती जाळीचे कापड, म्हणजे गॉझ, स्वस्त असते आणि जखमेतील स्राव टिपून घेते. परंतु तिचा दोषही याच गुणात दडलेला आहे. टिपलेला स्राव वाळतो, धागे खपलीत रुततात आणि पट्टी बदलताना नुकतीच धरू लागलेली कोवळी त्वचा त्यांच्याबरोबर सोलून निघते. भाजलेल्या मुलाला पट्टी सोडणाऱ्या हाताचे भय वाटते, ते यामुळेच. मधुमेही माणसाच्या पायाची जखम तर महिनोन्‌महिने रेंगाळते. ती चिघळली तर पाऊल कापण्याची पाळी येते.

जखम उघडी ठेवावी, वाऱ्याने वाळू द्यावी, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. १९६२ साली जॉर्ज विंटर या इंग्लंडमधील संशोधकाने तिला धक्का दिला. डुकरांच्या त्वचेवरील काही उथळ जखमा त्याने उघड्या ठेवल्या, तर काहींवर पॉलिथीनचा पापुद्रा घातला. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने पसरली. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी पट्टी म्हणून केळीचे निर्जंतुक केलेले पान वापरले. ते जखमेला चिकटत नाही आणि खर्चही नगण्य. त्या कामाचा वृत्तांत २००३ साली प्रसिद्ध झाला.

पान चिकटत नाही, पण स्राव शोषीत नाही. गॉझ शोषते, पण चिकटते. या दोहोंचे गुण एकत्र आणण्याचा प्रयत्न म्हणजे पॉलिमरच्या अतिसूक्ष्म तंतूंची पट्टी. जिलेटिन किंवा कोळंबीच्या कवचापासून मिळणारे कायटोसान यांसारखा पदार्थ विरघळवून पिचकारीत भरतात. सुईला हजारो व्होल्टचा विद्युद्दाब दिला, की टोकावरील थेंब शंकूसारखा ताणला जातो व त्यातून बारीक धार सुटते. ती वळवळत समोरच्या पत्र्यावर पोहोचेपर्यंत द्रावक उडून जातो आणि तंतू तेवढा उरतो. येथे चरखा नाही की टकळी नाही. वीजच सूत कातते.

कापसाचा तंतू सुमारे पंधरा हजार नॅनोमीटर जाड असतो. हा तंतू काही शेकडाच नॅनोमीटरचा. त्वचेतील कोलॅजेनचे तंतूही साधारण याच मापाचे असल्यामुळे नव्या पेशींना त्यावर ओळखीचा आधार मिळतो. अशा पट्टीतून हवा व वाफ खेळती राहते, पण जंतूंना शिरकाव करणे कठीण जाते. तंतूंत औषध मिसळून ते सावकाश पाझरत ठेवता येते.

तथापि प्रयोगशाळा आणि रुग्णशय्या यांत अंतर असते. एका सुईतून निघणारे सूत अत्यल्प. घातक द्रावकाचा अंशही मागे राहून चालत नाही. शिवाय प्रत्येक नवी पट्टी माणसांवरील चाचण्यांत उतरावी लागते. खरी कसोटी किमतीची. महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या दारी येणाऱ्या गरिबाला जी परवडेल, तीच पट्टी उपयोगाची.

तोवर ओलाव्याचा धडा मात्र कोणालाही गिरविता येतो. चिकटलेली पट्टी ओढून काढू नये. निर्जंतुक मीठपाण्याने भिजवून, सुटी झाल्यावरच ती सोडावी. आणि मधुमेह असणाऱ्याने रोज रात्री दोन्ही तळपाय उजेडात पाहावेत व बारीकशी चीर दिसली तरी डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावू नये.