तारीख कुणाला मिळते? बाबासाहेबांचं भव्य नाटक, गुडगावचा महाल आणि आपल्या गायन पार्ट्या

(दिल्लीतल्या विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासमंडळात केलेल्या भाषणाचा लिखित मसुदा.)



मी जालना जिल्ह्यातली. समाजशास्त्रात एम. ए. केलं आणि आता दिल्लीत पीएच.डी. करते. माझे वडील गायन पार्टीत पेटी वाजवायचे आणि गायचे. एप्रिल-मे आणि दसऱ्याच्या सुमाराला त्यांना सुपारी यायची, एरवी मजुरी. आज मला तुमच्याशी गाण्याबजावण्याच्या नाटकांबद्दल बोलायचं आहे. ती कुठे सुरू होतात, का बंद पडतात आणि एका नाट्यगृहातून दुसऱ्या नाट्यगृहात कशी जातात? विषय करमणुकीचा वाटेल, पण तो जागेचा, पैशाचा आणि म्हणून जातीचाही आहे.

सुरुवात 2022 पासून करते. त्या वर्षी दिल्ली सरकारने जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये बाबासाहेबांच्या जीवनावर एक भव्य संगीत नाटक केलं. आधी तारीख 5 जानेवारी ठरली होती. करोनाची लाट आली म्हणून ते पुढे ढकललं. शेवटी 25 फेब्रुवारीला सुरू झालं आणि 12 मार्चला संपलं. प्रवेश मोफत. प्रचंड रंगमंच, त्यात फिरता रंगमंच. बाबासाहेबांच्या भूमिकेत रोहित बोस रॉय, दिग्दर्शन महुआ चौहान यांचं, संगीत 'इंडियन ओशन' या बँडचं.

मी ते पाहायला गेले, तेव्हा आमच्या पीजीमध्ये स्वयंपाक करणाऱ्या आंटी माझ्यासोबत होत्या. त्या त्रिलोकपुरीच्या. 1982 च्या आशियाई खेळांसाठी बांधलेलं हे स्टेडियम 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी नव्याने सजवलं, तेव्हा त्यांचे यजमान तिथे गवंड्याच्या हाताखाली होते. काम झालं आणि गेट बंद झालं. बारा वर्षांनी आंटी त्या गेटातून आत आल्या त्या प्रेक्षक म्हणून, आणि खुर्चीवर बसल्या. बाबासाहेब रंगमंचावर आले तेव्हा त्यांनी पदर डोळ्याला लावला. मीही रडले. हे आधीच सांगते, कारण पुढे मी टीका करणार आहे. आपल्या माणसांना मोफत, सन्मानाने, एवढ्या मोठ्या जागी बसून आपला नायक पाहता आला, ही छोटी गोष्ट नाही. तिची चेष्टा करणाऱ्या विद्यापीठीय शहाणपणात मला सामील व्हायचं नाही.

रात्री पप्पांना फोन केला. सगळं वर्णन करून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "ढोलकीवर कोण होतं, बाई?"

मला सांगता आलं नाही. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. बाबासाहेबांवर गाणी लिहिणारी, ती चालीत बसवणारी, पिढ्यान्‌पिढ्या फाटक्या मांडवात गाणारी माणसं आपल्याकडे हजारोंनी आहेत. पण सरकारने जेव्हा बाबासाहेबांचं संगीत नाटक करायचं ठरवलं, तेव्हा जाहिरातीतली मोठी नावं आली ती सिनेमा, मालिका आणि बँडच्या दुनियेतून. त्यांच्या कलेवर माझा आक्षेप नाही. माझा प्रश्न असा आहे, की आपण या नाटकाचे प्रेक्षक झालो, विषयही झालो, मग कारागीर का नाही झालो?

आता थोडं यंत्रणेबद्दल. न्यूयॉर्क-लंडनमध्ये नाटक एका थिएटरात बसतं आणि आठवड्याचा खर्च निघतो तोवर चालतं. खर्च निघेना झाला की बंद. लहान थिएटरात गाजलं की मोठ्या थिएटरात जातं. मुंबईत वेगळी रीत आहे. तिथे नाटक एका जागी बसत नाही, ते तारखांवर जगतं. शनिवारी दादरचं शिवाजी मंदिर, रविवारी ठाण्याचं गडकरी, पुढच्या आठवड्यात वाशीचं भावे. नेपथ्याचा टेम्पो फिरतो, कलाकाराला प्रयोगामागे 'नाइट' मिळते. शनिवार-रविवारची तारीख ज्या निर्मात्याच्या हातात, त्याचं नाटक जगतं. आणि दिल्लीत? मंडी हाउसच्या परिसरात कमानी, श्रीराम सेंटर, एलटीजी, राष्ट्रीय नाट्य विद्यालय सगळं हाकेच्या अंतरावर आहे, पण नाटक दोन-तीन दिवसांचं. भाडं भरा, प्रयोग करा, सामान उचला. मोठं संगीत नाटक त्या जागेत आणि त्या दिवसांत परवडत नाही. म्हणून 2016 साली मुंबईच्या एनसीपीएमध्ये सुरू झालेलं फिरोज अब्बास खान यांचं 'मुघल-ए-आझम' 2017 मध्ये दिल्लीत आलं, ते याच नेहरू स्टेडियमच्या आवारात. म्हणजे या शहरात मोठं संगीत नाटक दोनच जण करू शकतात. एक बडा भांडवलदार, नाही तर सरकार.

भांडवलाचं उदाहरण आपल्या शेजारी गुडगावला आहे. सेक्टर 29 मधलं 'किंगडम ऑफ ड्रीम्स' 2010 मध्ये उघडलं. त्यातल्या 'नौटंकी महल' या नाट्यगृहात 'झंगूरा' नावाचं हिंदी संगीत नाटक शेकडो प्रयोग चाललं. आता नाव बघा. नौटंकी ही उत्तर भारतातल्या कष्टकरी जातींनी वाढवलेली कला. ती उघड्यावर चालायची, रात्रभर. तिचं नाव महालाला दिलं आणि महालाच्या तिकिटाने तीच माणसं बाहेर ठेवली. आणि कथा काय? भटक्यांच्या तांड्यात वाढलेला तरुण हा खरं तर राजपुत्र असतो आणि शेवटी त्याला त्याचं राज्य मिळतं. म्हणजे तांड्याने नाचायचं, गायचं, रंग भरायचे. पण नायकाचं रक्त मात्र राजघराण्याचंच पाहिजे. ज्या देशात 1871 च्या कायद्याने कितीतरी भटक्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, तो शिक्का पुसायला 1952 उजाडलं आणि पोलिसांच्या नजरेतला संशय अजूनही पुसला गेलेला नाही, तिथे ही गोष्ट निव्वळ करमणूक म्हणून सोडून देता येत नाही. जुलै 2022 मध्ये थकबाकीच्या वादात हरियाणा शहरी विकास प्राधिकरणाने ती जागा सील केली. महाल बंद झाला. नौटंकी त्याच्या आधीही होती आणि नंतरही आहे.

सरकारी आश्रयाचीही एक अडचण आहे. बाबासाहेबांवरचं ते नाटक संपलं मार्च 2022 ला. त्याच वर्षी 5 ऑक्टोबरला राणी झाशी मार्गावरच्या आंबेडकर भवनात बौद्ध धम्मदीक्षेचा कार्यक्रम झाला. बाबासाहेबांनी 1956 साली नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञा तिथे म्हटल्या गेल्या. दिल्ली सरकारचे मंत्री राजेंद्र पाल गौतम त्या कार्यक्रमाला हजर होते. गदारोळ झाला आणि 9 ऑक्टोबरला त्यांनी राजीनामा दिला. दोन्ही तारखा शेजारी ठेवा. स्टेडियममध्ये प्रकाशझोतात उभे असलेले बाबासाहेब सरकारला चालले. त्यांचे शब्द माणसांनी स्वतःच्या तोंडाने उच्चारले, तेव्हा मंत्रिपद टिकलं नाही. दुसऱ्याने दिलेल्या तारखेवर उभं राहणाऱ्याला दुसऱ्याने आखलेली मर्यादाही पाळावी लागते.

मग आपली परंपरा काय सांगते? सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यात शेटजी-भटजींच्या लुबाडणुकीची गोष्ट भरली. 1930 च्या दशकात नाशिकच्या भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसे उभे केले. गाणं, संवाद, फार्स, सगळं होतं. आज ज्याला आपण 'म्युझिकल' म्हणतो, त्याहून यात कमी काय होतं? नाट्यगृह नव्हतं, एवढंच. कंदिलाच्या नाही तर गॅसबत्तीच्या उजेडात, वस्तीच्या चौकात जलसा व्हायचा. मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास मात्र 1880 च्या 'शाकुंतला'पासून सांगितला जातो आणि जलशाला 'प्रचार' म्हणून वेगळ्या कप्प्यात टाकलं जातं. राजाची अंगठी हरवली तर ती कला आणि पाणवठा नाकारला तर तो प्रचार, ही वर्गवारी कुणी केली, हे तुम्हाला सांगायला नको.

पण मित्रांनो, मला एका सापळ्याबद्दल सावध करायचं आहे. जलशाला थिएटर लागत नाही, म्हणून तो कधी बंद पडत नाही, असं आपण अभिमानाने म्हणतो. मीही एका निबंधात लिहिलं होतं. पप्पांना वाचून दाखवलं तर ते हसले. म्हणाले, "बंद पडत नाही कसं? ढोलकीवाला हमालीला गेला की पार्टी बंद. घसा बसला की पार्टी बंद." गेल्या पाच वर्षांपासून ते गात नाहीत. त्यांच्या तीन वह्या आहेत, त्यातली एक पावसात भिजून गेली. तिच्यातली गाणी कुठेच नाहीत. आपली कला बंद पडते, तेव्हा वर्तमानपत्रात 'शेवटचा प्रयोग' अशी चौकट येत नाही. एवढाच फरक. म्हणून 'आपलं चौकातच शोभतं' असं कुणी कौतुकाने म्हणालं, तर ते कौतुक तपासून घ्या. कमानीच्या रंगमंचावर आपला हक्क आहे आणि चौकावरही आहे.

हे होऊ शकतं का? होऊ शकतं. 1921 साली न्यूयॉर्कमध्ये 'शफल अलाँग' हे संगीत नाटक आलं. लिहिणारे, संगीत देणारे, नाचणारे-गाणारे सगळे काळे कलाकार. आधी गावोगाव कर्ज काढून प्रयोग करत ते शहरात आले, तेव्हा जागा मिळाली ती मुख्य थिएटर-वस्तीपासून दूर, 63 व्या रस्त्यावरच्या एका अपुऱ्या सभागृहात. पण गर्दी तिकडे वळली. तोवर काळ्या प्रेक्षकांना बहुतेक ठिकाणी वरच्या गॅलरीतच बसवत. या नाटकाला त्यांना खालच्या मजल्यावरही जागा मिळू लागली.

आणि लांब कशाला जायचं? माझ्याच जिल्ह्याचं उदाहरण घ्या. 2012 मध्ये 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' रंगभूमीवर आलं. लेखक जालन्याचे राजकुमार तांगडे, संकल्पना आणि संगीत लोकशाहीर संभाजी भगत यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं. रंगमंचावर जालन्याकडची शेतकरी पोरं, त्यांच्या बोलीसकट. यम शिवाजी महाराजांना न्यायला येतो, पण महाराजांचे विचार काही त्याला नेता येत नाहीत, आणि मग ती पगडी कुणाच्या डोक्याला बसते याचा शोध सुरू होतो. हे नाटक मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत शेकडो प्रयोग चाललं. पप्पांनी ते पाहिलं तेव्हा पहिल्यांदा म्हणाले, "हे आपल्यासारखंच बोलतात की."

आता तुमच्याकडे येते. आपल्यापैकी बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर. मी पहिल्या वर्षी हॉस्टेलमध्ये पप्पांच्या पार्टीबद्दल कुणाला सांगितलं नव्हतं. 'वडील काय करतात' असं विचारलं की 'शेती' म्हणायचे. शेती आम्हाला नव्हतीच. मंडी हाउसला नाटक बघून यायचे आणि चहाच्या टपरीवर मोठमोठे शब्द वापरायचे. ज्या घरात रोज पेटी वाजत होती, त्या घराला मी 'कला नसलेलं घर' समजत होते. पदवीने मला बरंच दिलं, पण ही लाजही दिली. ती उतरायला वेळ लागला.

म्हणून तीन कामं सुचवते. पहिलं, येत्या सुट्टीत घरी गेलात की गाण्याच्या वह्यांचे फोटो काढा. गाणाऱ्यांचा आवाज मोबाइलवर घ्या. गीतकार, गायक आणि ढोलकीवाला, तिघांचीही नावं लिहा. दुसरं, यापुढे बाबासाहेबांच्या नावाने कुठलंही भव्य सरकारी नाटक सुरू झालं तर जरूर बघा. पण पैसा कुणाचा, कलाकार कुठले, त्यांना मानधन किती, हे माहितीच्या अधिकारात विचारा. ते विचारायला कायद्याने आपण पात्र आहोत. तिसरं, आपण स्वतः एक तारीख घेऊ. संसद मार्गावर 14 एप्रिलला जो जनसागर लोटतो, तिथे स्टॉल असतात, गाणी असतात. तिथे आपल्या गावाकडची एक पार्टी आणू. प्रवासखर्च आणि पूर्ण बिदागी देऊन. नंतर तोच कार्यक्रम त्रिलोकपुरीत करू आणि वर्गणी जमली तर एखाद्या सभागृहातही. तिकीट लावू, कमी लावू, पण लावू. फुकटात गाणं हा आपल्या कलावंतांचा धर्म नाही.

पप्पांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "माझा घसा गेला, पण पेटी अजून सुरात आहे." दिल्लीला यायचं तिकीट त्यांनी स्लीपरचंच काढायला सांगितलंय, आणि ढोलकीवाला मात्र आपला आपण आणणार म्हणाले.

जय भीम.