आगेरा : नव्या भाताचा सण
(रविवारच्या मिस्सेनंतर बालकांस केलेले भाषण)



ऑक्टोबरचा पहिला रविवार जवळ आला आहे. वसई, उत्तन व साष्टीकडील आपले बांधव त्या दिवशी आगेरा साजरा करितात. लॅटिन भाषेत शेतास ‘आगेर’ म्हणतात. त्यावरून हे नाव पडले. धर्मगुरू शेतात जाऊन पिकावर आशीर्वाद देतात, पिकलेल्या भाताची पहिली जुडी कापतात, आणि वाजतगाजत ती मंदिरात आणून वेदीपाशी ठेवितात. मागाहून प्रत्येक कुटुंबास एकेक लोंबी मिळते. ती घरच्या आल्तारावर वर्षभर राहते. गोव्यात राय गावी हाच सण ५ ऑगस्टला होतो. मंगळूरकडील लोक ८ सप्टेंबरला, पवित्र मारियेच्या जन्मदिनी, नवे दाणे दुधात किंवा पायसात घालून सारे मिळून खातात.

ही चाल फार जुनी आहे. पिकाची पहिली पेंढी परमेश्वरास अर्पण करावी, अशी आज्ञा मोशेच्या नियमशास्त्रात आहे. पहिली, उरलेली नव्हे, हे ध्यानात ठेवा. लेवीय पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात त्याच आज्ञांबरोबर आणखी एक आज्ञा आहे : शेताच्या कडेचे पीक कापू नये व पडलेला सरवा वेचू नये, ते गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्यावे. रूथ ही परदेशी विधवा अशाच सरव्यावर आपले व सासूचे पोट भरी. तिच्याच वंशात दावीद राजा व पुढे प्रभू येशू जन्मास आले.

गेल्या वर्षी एका लहान मुलीने आम्हांस विचारले, “फादर, आमच्याकडे शेत नाही. आम्ही काय आणावे?” आम्ही घाईत होतो, “फुले आण,” एवढेच बोललो. त्या रात्री आमच्या मनास चैन पडेना. पनवेलभोवती जेथे भाताची खाचरे होती, तेथे आज इमारती उभ्या आहेत. तुमच्यापैकी बहुतेकांनी भात झोडताना पाहिलेही नाही. मग आगेरा कोणी करावा?

बाळांनो, त्या मुलीस देणे राहिलेले उत्तर आज देतो. तुमचे ताट हेच तुमचे शेत. आई तांदूळ धुण्यास घेईल, तेव्हा तिच्या संमतीने शिजविण्यापूर्वीच एक मूठ बाजूस काढा. जेवून उरलेले आणू नका. ती पहिली पेंढी होत नाही. सणापर्यंत रोज असे करा आणि ते तांदूळ वेदीपाशी आणा. इमारती बांधावयास दूरदेशाहून आलेली कुटुंबे आपल्या शेजारीच राहतात. त्यांच्या मुलांस ते तांदूळ नेऊन द्या. मिस्सेनंतर आम्ही तुमच्याबरोबर चालू.

लोंबी कोठून आणावयाची ते आम्ही पाहू. शेताची कड मात्र तुम्ही राखा.

प्रभू तुम्हांस आशीर्वाद देवो.