टोपीच्या मागची धूळ
(कात्रप, बदलापूर येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी गोदीत माल उचलणारा माणूस. दात घडवायचं काम मी कधी केलेलं नाही. पण धूळ मला कळते. आपल्यातली काही पोरं रोज लोकलला लटकून कल्याण-ठाण्याच्या दाताच्या लॅबमध्ये जातात. त्यांनी मला रिंग दाखवली, साचा दाखवला. त्यांच्याकडनं शिकलो, मग वाचलं, तेच सांगतो.

पेशंटच्या तोंडात चकचकीत टोपी बसते. पाटीवर नाव डॉक्टरचं. टोपी ओतणारा पोरगा मागच्या खोलीत, त्याचं नाव बिलावरसुद्धा नाही.

टोपी बनते कशी? आधी मेणाचा दात. तो पोलादी रिंगमध्ये उभा करायचा. भोवती इन्व्हेस्टमेंटची पावडर कालवून ओतायची. ती घट्ट झाली की रिंग भट्टीत. मेण जळून जातं, पोकळी राहते, तीत वितळलेला धातू सोडायचा. आता धातू गार होताना आकसतो. ती तूट भरायची तर साचा थोडा फुगला पाहिजे. पण पोलादी रिंग त्याला फुगू देत नाही. म्हणून रिंगच्या आतनं एक मऊ पट्टी लावायची. पट्टी दबते, साचा फुगतो, टोपी मापात येते. एवढंच काम. आणि एवढ्या कामासाठी कित्येक दशकं जगभरच्या लॅबमध्ये ही पट्टी ॲस्बेस्टॉसची होती!

पोरगा कात्रीनं पट्टी कापतो, तंतू उडतात. ओतल्यावर साचा ठोकून फोडतो, पुन्हा उडतात. डोळ्याला दिसत नाहीत. ठसका पण लागत नाही, हीच तर हरामखोरी. वीस-तीस-चाळीस वर्षांनी छाती आवळते. ॲस्बेस्टोसिस, फुप्फुसाचा कॅन्सर, नाहीतर फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा. दात बनवणाऱ्या कामगारांना मेसोथेलिओमा झाल्याचं वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलेलं आहे. आमच्या धंद्यात तर विचारूच नका. जुन्या काळी हा माल तागाच्या पोत्यांतून यायचा. हुक मारला की पोतं फाटायचं आणि जगभरच्या गोद्यांतले हमाल पांढरे होऊन घरी जायचे. त्यांचे कपडे धुणाऱ्या बायकापण मेल्या.

मग पर्याय नाही का? आहे, आणि आजचा नाही. एक, कागदाची म्हणजे सेल्युलोजची पट्टी. ओली करून लावायची. भट्टीत ती जळून जाते, म्हणून रिंगच्या टोकांना तीनेक मिलिमीटर जागा मोकळी सोडायची. नाहीतर साचा रिंगमध्ये सैल होतो. दुसरी सिरॅमिक तंतूंची. ती जळत नाही, पाणीही सहजी पीत नाही. मालक म्हणेल माप बिघडतं. बिघडेल, पट्टी बदलून पावडर-पाण्याचं प्रमाण तेच ठेवलं तर. दोन-चार टोप्या ओतून बघायच्या, प्रमाण बसतं. तिसरा मार्ग मला जास्त पटतो. प्लास्टिकची रिंग घ्यायची, साचा घट्ट झाला की ती काढून टाकायची, नुसता साचा भट्टीत. पट्टीच नको! फॉस्फेटवाल्या पावडरीला हे चालतं.

पण सिरॅमिक आलं म्हणून नाचू नका. त्याचेही तंतू छातीत जातात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं या तंतूंना 'कॅन्सर करण्याची शक्यता' असलेल्या गटात टाकलंय. ॲस्बेस्टॉसइतकं ठरलेलं नाही, पण निर्धोकही नाही.

आणि खरी गोम पावडरीत आहे. तिच्यात क्वार्ट्झ असतं, क्रिस्टोबलाइट असतं, म्हणजे सिलिका. अमेरिकेत १९९४ ते २००० या काळात पाच राज्यांत दाताच्या लॅबमधल्या नऊ जणांना सिलिकोसिस झाल्याची सरकारी नोंद २००४ साली छापली गेली. तिथं मोजणारं कुणीतरी होतं म्हणून नऊ. आपल्याकडे खोकणाऱ्या पोराला आधी टीबीच्या गोळ्या देतात. पट्टी बदलली आणि पावडर तशीच कोरडी उडत राहिली, तर मालकानं फक्त डबा बदलला.

कायदा? सुप्रीम कोर्टानं १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सांगितलं, की आरोग्य हा कामगाराच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्याच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं ठेवा. चाळीस वर्षं! लॅबमधल्या पोराचं मस्टर चाळीस दिवसांचं मिळेना. कारखान्याच्या कायद्याला मोजून माणसं लागतात, लॅबमध्ये असतात चार. ॲस्बेस्टोसिस, सिलिकोसिस दोन्ही कायद्याच्या यादीत आहेत, पण यादी मागच्या खोलीत पोचत नाही. साठाहून जास्त देशांनी ॲस्बेस्टॉस बंद केलंय. आपल्याकडे पांढरं ॲस्बेस्टॉस रशिया-कझाकस्तानातून अजून येतं, पत्रे बनतात, त्याच पत्र्याखाली आपण झोपतो.

तेव्हा उद्या कामावर गेल्यावर आधी पट्टीचा डबा वाचा. लेबल नसेल तर मालकाला कंपनीचं नाव आणि माहितीचा कागद मागा. एकट्यानं मागू नका, चौघांनी मिळून मागा. फळीवर जुनी गुंडाळी सापडली तर कापू नका, जाळू नका, झाडू मारू नका. पाणी शिंपडून दोन जाड पिशव्यांत बांधा, वर लिहा काय आहे ते, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, तिथं सफाईवाला आपलाच माणूस आहे. साचा फोडण्याआधी पाण्यात भिजवा. पावडर कालवताना धूळ खेचणारा पंखा मागा. तोंडाला रुमाल बांधून हे तंतू अडत नाहीत. धुळीसाठीचा, नाकावर घट्ट बसणारा मास्क लागतो, आणि त्याचे पैसे मालकानं द्यायचे.