अंगण नसलेल्या अंगणवाडीतली तुळस

(कोल्हापुरात अंगणवाडी सेविकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बागेबद्दल बोलायला सांगितलंय. खरं तर आमच्याकडे बाग नाही, एक खिडकी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला मुलांच्या अंगणात जाऊन बसल्या, त्यातून 'अंगणवाडी' शब्द आला. आमच्या गल्लीत भाड्याची एक खोली, समोर गटार. अंगण फक्त पाटीवर.

खिडकीत सकाळचं ऊन येतं. पालकांकडून तेलाचे रिकामे डबे मागवले, मदतनीस ताईंनी खिळ्याने तळाला भोकं पाडली. माती आणि शेणखत मुलांनीच कालवलं. एक आजी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "बाई, पोरांस्नी चिखलात कशाला घालतासा?" म्हटलं, हात धुवायलाही शिकवते.

लहान मुलांना वाट बघवत नाही. म्हणून आधी ओल्या फडक्यावर आळीव पेरा, दोन-तीन दिवसांत हिरवं दिसतं. मग मेथी. धणे पहिल्या खेपेला आमचे कुजले. अख्खे टाकले होते, आणि प्रत्येक मूल दिवसातून चार वेळा पाणी ओतायचं. पुढच्या खेपेला लाटण्याने रगडून दोन फाका केले. पानओव्याला काही करावं लागत नाही, फांदी खोचली की लागते. डब्यावर मुलाचं नाव, त्यापुढे आईचं नाव. सरकारी कागदांवर आईचं नाव घालण्याचा निर्णय २०२४ मध्ये आला, आमचे डबे त्याआधीचे!

पाणी घालायची पाळी लावली तेव्हा एक मुलगा म्हणाला, "ते पोरींचं काम." चार वर्षांचा मुलगा! त्याला मी काही समजावलं नाही, झारी हातात दिली. भाषण मोठ्यांसाठी ठेवावं, मुलांना काम द्यावं.

पण खरं सांगायचंय ते तुळशीबद्दल. तुळशीचा डबा एका मुलीच्या वाट्याला आला. आई न्यायला आली, तेव्हा पोरगी ओरडली, "आई, हात लावू नको, जळंल!" आईने मान खाली घातली. त्या दिवसांत तिला घरी तुळशीजवळ जायची बंदी. पोरीला पाळी म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण आईच्या हाताने झाड जळतं एवढं पक्कं ठाऊक झालंय.

रात्री झोप लागली नाही. पुढच्या माता सभेत मी सरळ सांगितलं, "बायांनो, मला त्या दिवसांत रजा नसते. त्याच हाताने मी तुमच्या मुलांना आहार वाढते, त्याच हाताने तुळशीला पाणी घालते. गेले चार महिने घालतेय. बघा तिच्याकडे." काहीजणी हसल्या, दोघी उठून गेल्या. त्यांना मी नावं ठेवत नाही, घरी सासूला तोंड त्यांनाच द्यायचं असतं. याच जिल्ह्यात हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. आपल्या गल्लीत ग्रामसभा नाही, माता सभा आहे.

नंतर ४ डिसेंबर २०२३ ला आपला संप सुरू झाला. ग्रॅच्युइटीचा कायदा आपल्याला लागू आहे असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सांगितलं होतं, तरी पन्नासहून जास्त दिवस रस्त्यावर बसावं लागलं. खोलीला कुलूप. जानेवारीच्या अखेरीस उघडलं तर पानओवा तग धरून, बाकी सगळं वाळलेलं. तुळशीच्या काड्या झालेल्या.

मुलं डब्यांभोवती जमली. त्या मुलीची आजी आली होती, तिने काड्या बघितल्या, मग माझ्याकडे. म्हणाली, "बघा बाई, शिवाशिव केली न्हवं."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पोरगी म्हणाली, "आज्जे, कुलूप हुतं की. पाणी कोण घालणार?"

आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी त्या मुलीची आई कागदात मंजिऱ्या बांधून घेऊन आली. तिने आणि पोरीने त्या चुरून बी त्याच डब्यात टाकलं. तो कुठला दिवस होता, ते मी विचारलं नाही.