मनाचे आजार आणि शरीराची साक्ष

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आरोग्याच्या विषयावर बोलण्यासाठी विश्वस्तांनी एका कापड व्यापाऱ्यास पाचारण केले, याचे आपणांस नवल वाटणे साहजिक आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझे आयुष्य गाठी सोडण्यात आणि वार मोजण्यात गेले. परंतु मनाच्या आजारांवरील औषधांचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा त्याच्या पहिल्याच पानावर मला माझा व्यवसाय भेटला.

इ.स. १८७६ मध्ये हाइनरिश कारो या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने मिथिलीन ब्लू हा निळा रंग तयार केला. तो सुती कापड रंगविण्यासाठी होता. या रंगाच्या घडणीचा शोध घेत असता १८८३ मध्ये बर्न्टसेन नावाच्या संशोधकाला त्याचा रासायनिक सांगाडा गवसला. त्याचे नाव फिनोथायाझीन. पुढे जवळजवळ सात दशकांनी, १९५० च्या डिसेंबरात, फ्रान्समधील रोन-पूलांक या कंपनीत पॉल शार्पांत्ये यांनी त्याच सांगाड्यावर एक नवे द्रव्य बांधले. ते म्हणजे क्लोरप्रोमाझीन. आरी लाबोरी या नौदलातील शल्यविशारदाने शस्त्रक्रियेपूर्वी ते रुग्णांना दिले असता, रुग्ण जागे असूनही विलक्षण निश्चिंत होतात, असे त्याच्या ध्यानी आले. १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट ॲन रुग्णालयात दले व देनिकेर या डॉक्टरांनी हे औषध मनोरुग्णांना दिले. वर्षानुवर्षे कोंडून ठेवावे लागणारे रुग्ण शांत होऊ लागले, बोलू लागले. त्यापूर्वी इन्सुलिन देऊन बेशुद्ध करणे, विजेचे झटके देणे किंवा मेंदूचा भाग शस्त्राने छेदणे, असे उपाय चालत. त्या छेदनक्रियेला तर १९४९ साली नोबेल पारितोषिकही मिळाले होते, हे वाचून मन विषण्ण होते.

नैराश्यावरील इमिप्रामीन या औषधाचीही कुळकथा अशीच आहे. १९५७ मध्ये स्वित्झर्लंडच्या रोलांड कून यांनी त्याचा गुण जगासमोर मांडला. ज्या गायगी कंपनीने ते बनविले, ती बाझल शहरातील मूळची रंगाचीच कंपनी. ज्या रसायनाने आपल्या धोतर-लुगड्यांना रंग चढविला, त्याच्याच भावंडांनी माणसाच्या मनाचे विटलेले रंग परत आणावेत, ही गोष्ट मला पेढीवर बसल्या बसल्या अनेकदा आठवते.

बंधू-भगिनींनो, येथे एक मोठा प्रश्न उभा राहिला. एक गोळी घेतल्याने कानातले आवाज थांबतात, तर त्या आवाजांचा शरीराशी काहीतरी संबंध असलाच पाहिजे. तो कोणता? या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा आपल्याच भूमीतून गेला आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्या वैद्यांना शतकानुशतके ठाऊक होती. १९३१ मध्ये गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाब या दोन्हींवरील तिचा गुण एका लेखात नोंदविला. मुंबईचे ख्यातनाम हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील तिच्या उपयोगाचा आपला अनुभव १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्य जगाचे डोळे उघडले. १९५२ मध्ये सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्या मुळातून रिसर्पीन हे द्रव्य वेगळे काढले. अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांवर वापरून १९५४ मध्ये निष्कर्ष मांडले.

त्यानंतरचा प्रयोग मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनी सशांना रिसर्पीन दिले. ससे निपचित पडले. मग त्यांना एल-डोपा हे द्रव्य टोचले आणि थोड्याच वेळात ते पुन्हा हालचाल करू लागले. रिसर्पीनने मेंदूतील डोपामीनचा साठा रिता होतो आणि एल-डोपापासून तो पुन्हा तयार होतो, हे यातून उलगडत गेले. १९६३ मध्ये त्यांनीच असा विचार मांडला की, क्लोरप्रोमाझीनसारखी औषधे डोपामीनचा साठा न संपविता त्याचा संदेश पोहोचण्याचे द्वार अडवितात. पुढील संशोधनाने त्याला पुष्टी दिली. कंपवाताच्या रुग्णांना आज जे औषध मिळते, त्याचे मूळही त्या सशांत आहे. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. (मुक्या प्राण्यांवरील प्रयोग म्हटला की आपल्या मनाला टोचणी लागते, आणि ती लागावीच. परंतु घडलेला इतिहास सांगताना तो झाकून ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही.)

आता थोडे सबुरीने घेतले पाहिजे. एखादा डाग विशिष्ट पावडरने निघाला, म्हणून तो त्या पावडरच्या अभावाने पडला, असे कोणी धोबी म्हणणार नाही. औषध लागू पडते म्हणजे आजाराचे कारण सापडले, असे नव्हे. "अमुक द्रव्य कमी झाले की नैराश्य येते" असे सोपे समीकरण बरीच वर्षे सांगितले गेले. ते तितकेसे टिकलेले नाही. मधुमेहासाठी जशी रक्ततपासणी आहे, तशी स्किझोफ्रेनियाचे निदान करणारी तपासणी अजून निघालेली नाही. निदान आजही रुग्णाशी आणि कुटुंबियांशी बोलूनच होते.

अनुवंशिकतेविषयीही असेच आहे. २०२२ मध्ये ७६ हजारांहून अधिक स्किझोफ्रेनिया रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जनुकसंचातील २८७ ठिकाणे या आजाराशी निगडित आढळली. प्रत्येक ठिकाणाचा वाटा अगदी अल्प. त्यांत आपण सर्वच जण थोडेफार भागीदार आहोत! एकसारख्या जुळ्या भावंडांपैकी एकास हा आजार असला, तरी दुसऱ्यास होण्याचा संभव निम्मा किंवा त्याहूनही कमी असतो. आई किंवा वडील यांपैकी एकास आजार असेल, तर दहापैकी सुमारे नऊ मुलांना तो होत नाही. सोयरीक जुळविताना ज्या घराच्या नावापुढे आपण मनातल्या मनात काट मारतो, त्या वेळी हा हिशेब मांडतो का? आपण व्यापारी माणसे, जोखीम मोजल्याशिवाय एक ठाणही उचलत नाही. मग येथेच ऐकीव भीतीवर व्यवहार का करावा?

या भीतीमुळेच आजार लपविले जातात. कॅनडातील कॅलगरी येथे संख्याशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले आपले डॉ. जगन्नाथ वाणी स्वतःच्या पत्नीच्या स्किझोफ्रेनियाविषयी उघडपणे बोलले. पुण्यात या आजाराविषयी जागृती करणारी संस्था त्यांनी उभी केली, आणि २००४ साली आलेल्या 'देवराई' या मराठी चित्रपटामागेही त्यांची प्रेरणा होती. आपल्याकडे मात्र "कर्माचे भोग" म्हणून दार लावून घेतले जाते. कर्मसिद्धांतावर माझी पूर्ण श्रद्धा आहे. पण मधुमेहसुद्धा कर्मोदयच ना? त्याची गोळी आपण उघडपणे, चारचौघांत घेतो.

आता ज्यासाठी मी हा विषय निवडला, त्या गोष्टीकडे वळतो. लिथियम हे अगदी साधे, मिठाच्या जातीचे द्रव्य. उन्माद आणि नैराश्य आळीपाळीने येणाऱ्या आजारात, म्हणजे बायपोलरमध्ये, ते अनेकांचे आयुष्य सावरते. याचा शोध लावला ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी. दुसऱ्या महायुद्धात साडेतीन वर्षे ते जपान्यांचे युद्धकैदी होते. सुटकेनंतर मेलबर्नजवळील रुग्णालयात त्यांनी उन्मादाच्या १० रुग्णांना लिथियम दिले आणि १९४९ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. नेमक्या त्याच वर्षी अमेरिकेत एक अनर्थ घडला. मीठ वर्ज्य असलेल्या हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियमचा क्षार विकला जात होता. त्यातून विषबाधा होऊन काहींचे प्राण गेले. तेथे औषध म्हणून लिथियमला मान्यता मिळायला त्यामुळे १९७० साल उजाडले.

असे का घडले, ते नीट ऐकावे. आपले मूत्रपिंड लिथियमला मिठातील सोडियमसारखेच वागविते. शरीरात मीठ व पाणी पुरेसे असेल, तर जादा लिथियम लघवीवाटे बाहेर पडते. दोन्हींची टंचाई झाली की मूत्रपिंड काटकसर करते, सोडियम राखून ठेवते आणि त्याबरोबर लिथियमही राखते. मात्रा तीच, परंतु रक्तातील प्रमाण चढत जाते. या औषधात गुण येण्याचे प्रमाण आणि विष होण्याचे प्रमाण यांत अंतर फार थोडे आहे. साधारणपणे लिटरमागे ०.६ ते १ मिलिमोल हे हितकर; १.५ च्या पुढे धोका. हात जोराने कापणे, उलट्या-जुलाब, झोकांड्या जाणे, जीभ जड होणे, गुंगी येणे, ही त्याची लक्षणे होत.

आता आपल्या तपश्चर्या डोळ्यांसमोर आणा. चौविहार उपवासात पाणीही नाही. चैत्र आणि आश्विन महिन्यांत ओळीची नऊ आयंबिले असतात, आणि काही जण ती मिठाविना करतात. लिथियम घेणाऱ्या बहिणीने घरात कोणालाही न सांगता अठ्ठाई मांडली आणि पाचव्या दिवशी तिचे हात कापू लागले, तर आपण काय म्हणू? अशक्तपणा म्हणू, सरबताची वाट पाहायला सांगू. तेथे खरी गरज असते ती तातडीने रुग्णालयात नेऊन रक्त तपासण्याची. दुसऱ्या बाजूला असेही होते की, तपासाठी आठ-दहा दिवस गोळीच बंद केली जाते आणि आजार उसळून येतो. हे दोन्ही टाळता येते. पच्चक्खाण घेण्यापूर्वी मनोविकारतज्ज्ञांना विचारावे, आणि त्यांनी नाही म्हटले तर महाराज साहेबांना तसे सांगून झेपेल असा दुसरा नियम घ्यावा. रात्रीभोजनत्यागामुळे झोपतानाची गोळी चुकत असेल, तर ती सूर्यास्तापूर्वी घेता येईल का, हेही डॉक्टरांनाच विचारावे. आपल्या मनाने वेळ बदलू नये किंवा गोळी गाळू नये. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेनसारखी गोळीही लिथियमबरोबर परस्पर घेऊ नये.

विश्वस्त मंडळास माझी एक नम्र विनंती आहे. ओळीच्या आणि अठ्ठाईच्या नावनोंदणीच्या कागदावर नाव, गाव व दूरध्वनी यांच्यापुढे एक रकाना वाढवावा : "नियमित औषधे सुरू आहेत काय?" औषधाचे नाव विचारू नये, केवळ होय किंवा नाही. ज्यांचे उत्तर होय असेल, त्यांना डॉक्टरांचा सल्ला घेऊन येण्यास सांगावे. हा कागद छापण्याचा खर्च मी आनंदाने उचलीन.