शहराची संध्याकाळ कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



मुंबईच्या मराठी वृत्तपत्रांत ‘आजचे कार्यक्रम’ अशा मथळ्याचे एक लहानसे सदर वर्षानुवर्षे छापले जात आले आहे. व्याख्यान, कीर्तन, नाटकाचा प्रयोग, चित्रप्रदर्शन, भजनाची डबलबारी, ग्रंथालयातील परिसंवाद. ठिकाण, वेळ, प्रवेश विनामूल्य की तिकिटाने, एवढाच त्यातला मजकूर. राजकीय कार्यकर्ता हे सदर बहुधा वाचीत नाही. त्याचे मन पहिल्या पानावरच्या मोठ्या मथळ्यांत गुंतलेले असते. परंतु एखाद्या महानगराची वर्गरचना जाणून घ्यायची असेल तर या सदरासारखे बोलके साधन दुसरे नाही. कार्यक्रम कोणत्या वस्तीत होतो, किती वाजता सुरू होतो, आणि तेथे जाऊन रात्री घरी परतण्याइतका वेळ व पैसा कोणाजवळ असतो, हे तीन प्रश्न त्या सदराला विचारले की शहर कोणाचे आहे याचा पुरता उलगडा होतो. आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे: या शहराची संध्याकाळ कोणाची?

सूर्य मावळला म्हणजे संध्याकाळ होते, हे पंचांगापुरते खरे आहे. श्रमिकाची संध्याकाळ मात्र निसर्गाने दिलेली नाही. ती त्याला लढून घ्यावी लागली. मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे येण्यापूर्वी उजाडल्यापासून मावळेपर्यंत यंत्रे चालत. दिवे आले तेव्हा कामाचा दिवस रात्रीतही शिरला. आठवड्याची सुटी ठाऊकच नव्हती. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि सभा, अर्ज व आंदोलन यांच्या बळावर १८९० साली रविवारची सुटी पदरात पाडून घेतली. पुढे अनेक वर्षांच्या संघर्षानंतर, १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. मुंबईच्या श्रमिक कलेचा इतिहास लिहिताना पहिले प्रकरण नाटकमंडळ्यांचे नव्हे, तर या सुटीचे आणि या तासांचे लिहिले पाहिजे.

मिळालेल्या त्या वेळाचे कामगारांनी काय केले? एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारी, खानावळीत जेवणारी ही माणसे दारू आणि जुगार यांतच वेळ घालवतील, अशी भीती सुखवस्तू समाजाला वाटत होती. घडले ते निराळे. कोकणातून आलेल्यांनी नमन, जाखडी आणि शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या आणल्या. घाटावरच्यांनी लेझीम, पोवाडा आणि तमाशा आणला. वारकऱ्यांनी टाळ-मृदंग आणला. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड लागले. चाळीचे पटांगण हे रंगमंदिर झाले आणि गॅलऱ्या या त्याच्या बाल्कन्या झाल्या. गावाकडची कला शहरात येऊन नुसती तगली नाही, तर तिने नवे विषय पचविले. साच्यावर राबणारा माणूस रात्री रंग लावून उभा राहत होता आणि त्याच्याच पाळीतला सोबती पुढे बसून त्याचे चुकलेले वाक्य उचलून देत होता. कलावंत आणि प्रेक्षक एकाच चाळीत राहत होते, हे त्या संस्कृतीचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य होय.

या संस्कृतीला छप्पर मिळाले तेही चळवळीतूनच. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने यांबरोबर करमणूक हीदेखील कामगाराची गरज आहे, हे त्या संस्थेने ओळखले. १९२२ साली परळला उभे राहिलेले दामोदर नाट्यगृह हे त्या जाणिवेचे फळ. तेथे हौशी कामगार नटांच्या कित्येक पिढ्या घडल्या. पुढे १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण निधी निर्माण झाला, वस्त्यावस्त्यांतून कल्याण केंद्रे निघाली आणि त्यांच्या नाट्यस्पर्धांनी कामगार रंगभूमीला दरवर्षीचे व्यासपीठ दिले. म्हणजे वेळ संघटनेने मिळविला, जागा संस्थेने दिली, पैसा कायद्याने उपलब्ध केला. या तीन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा कला आपल्या पायांवर उभी राहिली.

आणि याच भूमीतून शाहीर उठले. वाटेगावाहून पायी मुंबईला आलेले अण्णा भाऊ साठे, गिरणीत राबलेले अमर शेख आणि त्यांचे सहकारी द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने आपल्या वाटेने खेडोपाडी समतेचा विचार नेला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या कलेची ताकद साऱ्या राज्याने पाहिली. एका गिरणी कामगाराने रस्त्यावरून उचलून आणून वाढविलेले एक अनाथ मूल पुढे नारायण सुर्वे झाले, आणि १९६२ मध्ये ‘ऐसा गा मी ब्रह्म’ प्रसिद्ध झाल्यावर मराठी कवितेला कामगाराची खोली आणि त्याचा रस्ता यांची दखल घ्यावी लागली. ही काही एकट्यादुकट्या प्रतिभेची किमया नव्हे. त्या प्रतिभेला ऐकणारे हजारो कान पाळी संपवून मैदानात येऊन बसत होते.

हे चित्र कसे पालटले, तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संपाची औपचारिक समाप्ती कधी झालीच नाही. गिरण्या मात्र एकामागून एक संपत गेल्या. त्या पराभवाचा हिशेब बुडालेल्या नोकऱ्यांत आणि थकलेल्या देण्यांत नेहमी मांडला जातो, आणि तो मांडलाच पाहिजे. परंतु त्या हिशेबात एक रकाना सुटून जातो. भोंगा बंद पडला तेव्हा लाखो माणसांच्या दिवसाला एकत्र बांधणारे घड्याळ बंद पडले. कोणी वसई-विरारला गेला, कोणी कल्याण-डोंबिवलीच्या पलीकडे, कोणी गावी परतला. नट एका उपनगरात आणि ढोलकीवाला दुसऱ्या उपनगरात, अशी स्थिती झाल्यावर तालीम कोठे व्हायची?

त्यानंतर प्रश्न आला जमिनीचा. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळ मानाने तीन वाटे ठरले होते: एक मोकळ्या सार्वजनिक जागांसाठी, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि एक मालकासाठी. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी गिरणीच्या आवारातील फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. जेथे बांधकामे उभी होती तेथे वाटणीला जमीन उरली ती किरकोळ. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरविला. शहराच्या मध्यभागी मैदाने, उद्याने आणि सभागृहे उभारण्याची संधी एका पिढीला एकदाच येते. ती अशी गेली. आज त्या जमिनींवर उंच मनोरे आणि झगझगीत बाजारपेठा आहेत. तेथेही कार्यक्रम होतात, गाणी होतात. परंतु दारावर जो सुरक्षारक्षक बारा तास उभा असतो, त्याला आतल्या गाण्याचा फक्त दबलेला ठोका ऐकू येतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. मुंबईत आज कधी नव्हते इतके कलाजीवन आहे, असे म्हटले जाते. १९६९ साली स्थापन झालेले नरिमन पॉइंटचे राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र आहे, १९७८ पासूनचे जुहूचे पृथ्वी थिएटर आहे. १९९९ पासून काळा घोडा महोत्सव भरतो आणि त्याचे बहुतेक कार्यक्रम विनामूल्य असतात. भायखळ्याचे १८७२ साली खुले झालेले जुने वस्तुसंग्रहालय, ज्याला १९७५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले, दुरुस्तीनंतर २००८ मध्ये नव्या दिमाखात उघडले. मग तक्रार कशाची?

तक्रार या संस्थांविरुद्ध नाही. त्यांनी केलेले काम मोलाचे आहे. राष्ट्रीय केंद्राशी पु. ल. देशपांडे आणि अशोक रानडे यांच्यासारखी माणसे निगडित होती, हे विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल. तक्रार आहे ती विषम वाटणीची. यांतील बहुतेक ठिकाणे शहराच्या ज्या टोकांना आहेत, तेथून नालासोपाऱ्याला किंवा बदलापूरला परतणाऱ्या माणसाला नाटकाचा तिसरा अंक आणि शेवटची गाडी यांतून निवड करावी लागते. प्रवेश विनामूल्य असला तरी वेळ विनामूल्य नसतो. ज्या पुतळ्यावरून काळा घोडा हे नाव पडले, तो राजपुत्राचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली तेथून हलवून भायखळ्याला नेला गेला, आणि २०१७ मध्ये त्या परिसरात नवा घोडा उभा राहिला तो स्वाराविना. राजा उतरला, हे चांगलेच झाले. त्या रिकाम्या पाठीवर आता जनतेने बसायचे की जाहिरातदाराने, एवढाच प्रश्न उरला आहे.

दुसरा धोका खुद्द वेळेवर आहे. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, असे सांगितले जाते. परंतु ज्याचा दिवस बारा तासांचा आणि प्रवास तीन तासांचा, त्याच्या त्या दिवसात संध्याकाळ नावाचा प्रहर शिल्लक राहत नाही. लोखंड्यांनी जे मिळविले त्याला अशी तासातासाने गळती लागते.

आणि तिसरा धोका उरलेल्या छपरांवर आहे. ते दामोदर नाट्यगृह शंभरी ओलांडून २०२३ च्या नोव्हेंबरात पुनर्विकासासाठी बंद झाले. नव्या इमारतीत नाट्यगृहाला पूर्वीइतकी जागा मिळावी यासाठी कलावंतांना २०२४ मध्ये आंदोलनाचा पवित्रा घ्यावा लागला. नमन आणि शक्ती-तुऱ्याच्या मंडळांना परवडणारी जागा एकदा गेली की ती कला कोणी बंदी न घालताही बंद पडते.

येथे चळवळीने स्वतःलाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. शाहिराला सभेपूर्वी गर्दी जमविण्यासाठी बोलवावे, नेते आले की त्याचा माइक काढून घ्यावा, ही सवय सर्वच डाव्या व समाजवादी पक्षांत मुरली. कला म्हणजे प्रचाराचा ढोल, असे मानणाऱ्याला ढोल फुटल्याचे दुःख होत नाही. तो दुसरा भाड्याने आणतो. गणेशोत्सवाच्या मांडवांतून नाटके आणि व्याख्याने हटली आणि तेथे रांगा व प्रायोजकांच्या कमानी आल्या, तेव्हा त्या मांडवांकडे नाके मुरडून पाठ फिरविली ती याच कार्यकर्त्यांनी. रिकामी जागा रिकामी राहत नसते. ती कोणी ना कोणी भरतोच.

करण्यासारखे काम मोठ्या निधीवाचूनही आहे. दादरच्या छबिलदास शाळेच्या साध्या सभागृहात १९७४ पासून ‘आविष्कार’ने जी प्रायोगिक चळवळ चालविली, तिने मराठी रंगभूमीचा चेहरा बदलला; तेथे मखमली पडदा नव्हता, होती ती परवडणारी जागा आणि ठरलेली वेळ. महापालिकेच्या शाळा वस्त्यावस्त्यांत आहेत. त्यांची सभागृहे व पटांगणे शाळा सुटल्यावर तालमींना नाममात्र भाड्याने मिळावीत, ही मागणी प्रत्येक प्रभागात पाण्याच्या आणि दिव्यांच्या मागणीइतक्याच आग्रहाने पुढे आली पाहिजे. पुनर्विकासात जुने सभागृह पाडले जात असेल तर तितक्याच आसनांचे आणि तितक्याच भाड्याचे सभागृह आधी करारात आणि मग इमारतीत असले पाहिजे. कामगार कल्याण केंद्रांचे दरवाजे घरकामगार, सुरक्षारक्षक आणि दुचाकीवरून घरोघर माल पोचविणारी मुले यांच्यासाठी उघडले पाहिजेत. तेच आजचे गिरणी कामगार आहेत, फक्त त्यांना एकत्र हाक मारणारा भोंगा नाही.

ही सुरुवात लहान आहे, पण ती उद्या करता येण्यासारखी आहे. प्रत्येक शाखेने आपल्या प्रभागातील सभागृहे, वाचनालये, मैदाने आणि कल्याण केंद्रे यांची यादी करावी. कोणते उघडे आहे, कोणाला कुलूप आहे, भाडे किती आणि चावी कोणाकडे, हे प्रत्यक्ष जाऊन लिहून आणावे. पुढच्या बैठकीत राजकीय ठरावाआधी ती यादी वाचली जावी. कुलपे किती आहेत हे एकदा मोजले गेले, म्हणजे लढा कोठून सुरू करायचा हे वेगळे सांगावे लागणार नाही.