तिरोड्याचा कोळसा आणि कुडव्याचे ऊन



गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडव्यात सायंकाळी दिवे लागतात, तेव्हा त्या उजेडाचे मूळ कोठे आहे, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. बटन दाबले की दिवा लागतो आणि महिनाअखेरीस बिल येते, एवढाच गृहस्थाचा विजेशी संबंध. परंतु येथून सुमारे तीस किलोमीटरवर, तिरोडा येथे, क्षमतेने राज्यातील सर्वांत मोठा औष्णिक वीज प्रकल्प उभा आहे. अदानी समूहाच्या या प्रकल्पात ६६० मेगावॅटचे पाच संच असून २०१२ ते २०१४ या काळात ते क्रमाक्रमाने सुरू झाले. एकूण क्षमता ३,३०० मेगावॅट. पाणी वैनगंगेचे, कोळसा रेल्वेचा आणि वीज अतिउच्च दाबाच्या तारांवरून कोराडी, अकोल्यामार्गे पार मराठवाड्याकडे जाणारी. म्हणूनच जगभर चाललेला ‘कोळसा की सूर्य’ हा वाद गोंदिया जिल्ह्यातील माणसाला परका मानता येणार नाही. तो त्याच्या उंबरठ्याशी आलेला आहे.

व्यापाऱ्याने कोणताही प्रश्न प्रथम वजनकाट्यावर ठेवावा. देशी कोळशापासून एक युनिट वीज तयार करावयास साधारणपणे सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा लागतो. तिरोड्याचे पाचही संच अहोरात्र पूर्ण क्षमतेने चालले, तर दिवसाला जवळजवळ आठ कोटी युनिटे निघतील आणि त्यासाठी सुमारे पन्नास हजार टन कोळसा जळेल. मालगाडीच्या भाषेत सांगावयाचे तर रोज बारा-तेरा भरलेले रेक. देशी कोळशात राखेचे प्रमाण तीस ते चाळीस टक्के असते. म्हणजे जेवढा माल येतो, त्याचा तिसरा हिस्सा राख होऊन मागे उरतो. जो भाग धुरांड्यातून वर जातो तो दिसत नाही, त्याचे बिलही कोणाला येत नाही. या प्रकल्पासाठी प्रथम चंद्रपूर जिल्ह्यातील लोहारा कोळसा पट्टा योजिला होता. तो ताडोबाच्या वाघांच्या सान्निध्यात असल्यामुळे सोडून द्यावा लागला, हे पुष्कळांच्या विस्मरणात गेले आहे.

श्रावकाला हा विषय नवा नाही. श्वेतांबर परंपरेतील उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या प्रसंगी पंधरा कर्मादाने सांगितली आहेत, म्हणजे ज्या व्यवसायांपासून गृहस्थाने दूर राहावे असे व्यवसाय. त्यांत पहिलेच अंगारकर्म आहे, म्हणजे कोळसे पाडणे, भट्टी लावणे, अग्नीच्या आधारे उपजीविका करणे. वनकर्म आहे, भूमी खोदून-फोडून चालणारे स्फोटकर्म आहे. इतकेच नव्हे, तर सरोवरे व तलाव शोषून कोरडे करणे हेही त्याच यादीत आहे. माजी मालगुजारी तलावांच्या या मुलखात, जेथे धानाची शेती आणि ढिवर बांधवांची मासेमारी त्या तलावांवर उभी आहे, तेथे ही नोंद वाचताना मन थबकते. अग्नीतही जीव आहेत, भूमीतही आहेत, पाण्यातही आहेत, या श्रद्धेतून ती यादी झाली. धुरांडी आणि टर्बाइने तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

पण याच ठिकाणी एक सोपी चूक होते. कोळसा अंगारकर्मात बसतो, म्हणून सूर्याची वीज आपोआप अहिंसक ठरते, असे काही उत्साही मंडळी सांगतात. सौर पट्ट्यांसाठी लागणारी गारगोटी, चांदी, तांबे, अॅल्युमिनियम जमिनीतूनच खोदून काढावे लागते. ते स्फोटकर्मच होय, फरक इतकाच की ते पंचवीस वर्षांतून एकदा होते, रोज बारा रेकांच्या हिशेबाने नव्हे. पट्टे निकामी झाल्यावर त्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न उरतोच. केंद्र शासनाच्या २०२२ च्या ई-कचरा नियमांत सौर पट्ट्यांचा समावेश झाला, तो याच कारणाने.

राजस्थान आणि गुजरात या राज्यांत सौर व पवन प्रकल्पांची वीज वाहून नेणाऱ्या तारांना धडकून माळढोक पक्षी मरू लागले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०२१ मध्ये न्यायालयाने तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला. पुढे २०२४ मध्ये, एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात तो व्यवहार्य नाही, असे मानून त्यात बदल केला आणि तज्ज्ञांची समिती नेमली. गोंदियाच्या धानबांध्यांत आणि तलावांच्या काठी महाराष्ट्रात इतरत्र क्वचितच दिसणारा सारस पक्षी नांदतो. विजेच्या तारांना लागून सारस दगावल्याच्या घटना या जिल्ह्यात घडलेल्या आहेत. त्या तारेतून वाहणारी वीज कोळशाची होती की उन्हाची, याचा त्या पक्ष्याला काय उपयोग?

जमिनीचा हिशेबही मांडून पाहावा. विदर्भाच्या उन्हात एक मेगावॅटचा सौर प्रकल्प वर्षाला पंधरा-सोळा लाख युनिटे देतो आणि त्यास चार-पाच एकर जागा लागते. तिरोडा प्रकल्प ऐंशी टक्के क्षमतेने चालला तर जेवढी वीज देईल, तेवढी उन्हातून काढावयाची झाल्यास साठ-सत्तर हजार एकर भूमी हवी. ज्या जिल्ह्यात जंगल, तलाव आणि धानशेती यांनीच बहुतेक भूमी व्यापलेली आहे, तेथे एवढी जागा आणावयाची कोठून? सरकारी कागदावरची ‘पडीक’ जमीन बहुधा कोणाच्या तरी गुरांची चराई असते.

स्वच्छ विजेसाठी कोणाची तरी जमीन जाण्याचा अनुभव महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वीच घेतला आहे. पाण्यापासून वीज करण्यासाठी टाटा कंपनीने मुळशी येथे धरण बांधावयास घेतले, तेव्हा १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापट त्याचे अग्रणी झाले. मुंबईला धूर नसलेली वीज मिळाली आणि मुळशी खोऱ्यातील भातखाचरे पाण्याखाली गेली.

मग काय, कोळसाच बरा म्हणावयाचे? तसेही नाही. कोळसा हे मुद्दल आहे, तेही पुढच्या पिढ्यांच्या नावावरचे. ऊन ही रोजची आवक आहे. जो व्यापारी आवक असताना मुद्दल मोडून खातो, त्याला बाजारात कोणी शहाणा म्हणत नाही. २०२१ मध्ये ग्लासगो येथील जागतिक परिषदेत कोळसा ‘बंद करणे’ की ‘कमी करीत जाणे’ या दोन शब्दांवर अखेरच्या घटकेपर्यंत खल झाला आणि भारताच्या आग्रहाने दुसरा शब्द राहिला. अनेकांनी टीका केली. ज्या देशात घरोघरी पुरेशी वीज नुकतीच पोहोचू लागली होती, त्याने तसा आग्रह धरला यात नवल नाही. त्याच परिषदेत २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे लक्ष्यही भारताने जाहीर केले. २०२५ च्या मध्यास देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल व वायू यांव्यतिरिक्त इतर स्रोतांची झाली, ही अभिमानाची वार्ता खरी. परंतु प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेत तेव्हाही कोळशाचा वाटा सत्तर टक्क्यांच्या पुढे होता. दुकानाच्या मांडणीवर लावलेला माल आणि गल्ल्यात आलेली रक्कम यांत जो फरक, तोच येथे आहे. ऊन दिवसा असते आणि विजेची ओढ दिवेलागणीला वाढते.

(सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणारी घरे रात्री बारापर्यंत दूरचित्रवाणी आणि वातानुकूलन यंत्रे चालवितात, याची येथे केवळ नोंद करावी.)

सायंकाळची ही खिंड भरून काढण्याचा एक मार्ग महाराष्ट्रात अस्तित्वात आहे. सह्याद्रीतील घाटघर येथे २५० मेगावॅटचा प्रकल्प २००८ पासून आहे. वीज मुबलक असते तेव्हा खालच्या धरणातील पाणी वरच्या धरणात चढवावयाचे, मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज घ्यावयाची. चढविण्या-उतरविण्यात विजेचा चौथा हिस्सा खर्ची पडतो. साठवणुकीला घट ही येतेच. बॅटऱ्यांचे दर उतरत आहेत. पण तिरोड्याच्या एका संचाएवढी वीज रात्रभर साठविणे, हे आजही मोठ्या भांडवलाचे काम आहे.

जेथे दिवसाच विजेची गरज आहे आणि आज ती रात्री मिळते, तेथे मात्र सूर्याला आधी कामास लावावयास काय हरकत आहे? गोंदिया जिल्ह्यातील शेतकरी उन्हाळी धान घेतो. त्याच्या पंपाला वीज मिळते ती पाळीपाळीने, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी आली की तो विजेरी घेऊन बांध्यांवर जातो. साप, विंचू, रानडुक्कर, कोठे अस्वल, कोठे बिबट्या. आणि ओल्या पायांनी हाताळावयाची पंपाची पेटी. घरची माणसे तो परतेपर्यंत जागी असतात. ही रात्रपाळी कोणा अधिकाऱ्याने दुष्टपणे लावलेली नाही. औष्णिक संच रात्री बंद करता येत नाहीत आणि शहरे झोपलेली असतात, म्हणून त्या वेळची उरलेली वीज शेतीच्या वाट्याला येत गेली. दुसऱ्याची नीज सुखाची व्हावी म्हणून एका वर्गाने कायम जागे राहावयाचे, ही व्यवस्था अहिंसेचे नाव घेणाऱ्या समाजाला खटकली पाहिजे होती. ती फारशी खटकली नाही.

२०१७ मध्ये राज्य शासनाने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू केला. उपकेंद्राजवळ लहान सौर प्रकल्प उभारावयाचा आणि त्याची वीज त्याच उपकेंद्राच्या शेतीवाहिनीला दिवसा द्यावयाची, अशी ही साधी रचना. वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे दुसऱ्या टप्प्यातील पहिला प्रकल्प सुरू झाला. या विजेचा दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडतो, लांबच्या तारांतील गळती वाचते आणि सूर्य मावळला की पंपही विसावतो. एकेका शेतकऱ्याला स्वतंत्र सौर पंप देण्याची योजनाही आहे आणि ती लोकप्रिय आहे. तथापि फुकटच्या उन्हावर पंप दिवसभर चालू राहिला, तर भूजलाचा हिशेब कोण ठेवणार? वर सांगितलेल्या यादीतील जलशोषण नव्या रूपाने परत येण्याचा तो रस्ता आहे.

घरांच्या बाबतीत २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली. तीन किलोवॅटच्या छतावरील संचास ७८,००० रुपयांचे अनुदान तीत ठरले. असा संच दिवसाला सरासरी दहा-बारा युनिटे देतो. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी त्याच वर्षी राज्यातील पहिले सौरग्राम झाले. कुडव्यातील स्लॅबची छते पापड-कुरडया वाळविण्यापुरती वर्षातून दोन महिने वापरात असतात. तेथे धानाची एक बांधीही गमवावी लागत नाही की सारसाच्या वाटेत एक नवी तारही येत नाही.

धानाच्या गिरण्यांनी तर हे काम गाजावाजा न करता केव्हाच आरंभिले आहे. एक क्विंटल धान भरडले की सुमारे वीस किलो तूस निघते आणि उसना तांदूळ करणाऱ्या गिरण्यांचे बॉयलर तेच तूस जाळून वाफ करतात. कोळसा वाचतो, धूर आणि राख मात्र उरतात, हेही सांगितले पाहिजे.

कापडबाजाराचे चित्र याहून अवघड आहे. इचलकरंजीचे माग उन्हाच्या विजेवर चालू शकतील, परंतु कापड रंगविण्या-धुण्यासाठी वाफ लागते आणि ती बव्हंशी कोळसा व लाकूड जाळूनच मिळते. त्याहून मोठी गंमत अशी की दुकानात सर्वाधिक खपणारी पॉलिस्टरची साडी मुळात खनिज तेलापासूनच बनलेली असते. वीज पूर्ण सूर्याची झाली, तरी अंगावरचे वस्त्र तेलविहिरीचेच राहील. सुती कापड महाग पडते म्हणून गिऱ्हाईक परत जाते, हा अनुभव प्रत्येक पेढीवर आहे आणि त्याला सोपे उत्तर नाही.

तिरोड्याच्या प्रकल्पावर आज हजारो संसार अवलंबून आहेत; कामगार, ठेकेदार, ट्रकवाले, खानावळी. प्रकल्पाचे महावितरणाशी झालेले वीजखरेदी करार पंचवीस वर्षांचे आहेत, म्हणजे त्यांची मुदत २०३७ च्या पुढे एकेक करून संपत जाईल. आज चौथी-पाचवीत असलेली मुले तेव्हा नोकरी-धंद्याला लागलेली असतील. करार पुढे चालवावेत की नाहीत, संच थांबले तर त्या माणसांना कोणते काम द्यावयाचे आणि संध्याकाळची वीज कोठून आणावयाची, हे प्रश्न त्या वेळी टेबलावर येतील. तोवर जिल्ह्यातील किती शेतीवाहिन्या दिवसा चालू लागल्या आणि गोंदिया-कुडव्याच्या किती छतांवर पट्टे बसले, त्यावर त्या वाटाघाटींत जिल्ह्याच्या शब्दाला किती वजन राहील, हे ठरेल.